साबणाच्या डबीतला आवाज

पुन्हा शिट्टी झाली. इतकी कर्कश, की बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि स्वयंपाकघरात आईच्या हातून वाटी पडली.

"अनू, बंद कर ते आधी! शेजारचे धावत येतील," आई आतून ओरडली.

मी खटका खाली केला. माजघर एकदम गप्प झालं. त्या शांततेत बाबा काहीतरी बोलले. बोलले म्हणजे ओठ हलले, श्वास आला. मी तोंडाशी कान नेला तेव्हा कळलं.

"देवळातल्या कर्ण्यापेक्षा तुझी शिट्टी बरी. सुरात तरी आहे."

त्यांना हसू आलं होतं, पण हसायलाही आवाज लागतो. खांदे नुसते हलले.

वामनबुवा टेंभेकर कीर्तनाला उभे राहिले की नदीवर कपडे धुणाऱ्या बायका हातातला पिळा तसाच धरून ऐकत राहायच्या, असं लोक सांगत. मी त्यांची मुलगी. मला ते सांगण्यासारखं कधी वाटलंच नाही. घरात नळ असावा तसा तो आवाज होता. दिवाळीनंतर तो बसला. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून कंकोळ झालं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि आम्हा तिघांना समोर बसवलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज वाचणार नाही.

बाबा थोडा वेळ डॉक्टरांच्या टेबलावरच्या गणपतीकडे बघत राहिले. मग कागद मागून त्यावर लिहिलं : 'माघातली गणेशजयंती होऊ द्या. जन्माचं कीर्तन माझं असतं.'

डॉक्टर चिडले. म्हणाले, अहो, एकेक दिवस मोलाचा आहे. बाबांनी हात जोडले. तसेच धरून ठेवले. शेवटी डॉक्टरांनी उत्सवाच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख दिली आणि खुर्ची मागे सारून उठून गेले.

पण कीर्तन करायचं कशानं? आवाज तर आधीच गेला होता. राहिला होता तो नुसता वारा. देवळातला माईक त्या वाऱ्याला पुरेना. आवाज वाढवावा तर कर्णा किंचाळायचा.

मी तेव्हा बारावीला होते. आमच्या ज्युनिअर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेता यायचा आणि वर्षाच्या शेवटी प्रकल्प करावा लागायचा. सगळी मुलं दारावरची घंटा नाहीतर लुकलुकणारे दिवे करायची. मी मगदूम सरांना जाऊन विचारलं, "सर, श्वास मोठा करता येतो का हो?"

सरांनी सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवली. त्यांना गावातल्या सगळ्यांसारखंच ठाऊक होतं.

"श्वास काय, मुंगीची चालसुद्धा मोठी करता येतीय," ते म्हणाले. "मोठं करणं सोपं आहे गं. नको ते मोठं होऊ न देणं अवघड."

तेच अवघड होतं. जानेवारी सगळा त्यात गेला. कॉलेज सुटलं की मी माजघरात पाट घेऊन बसायची. रेझिनच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. बाबा समोर बसून माईकमध्ये फुंकल्यासारखं बोलायचे, आणि स्पीकरमधून एकतर गुरगुर यायची नाहीतर शिट्टी. दोन आयसी जळले. एकदा सगळं नीट चाललं, बाबांचं 'अनू' असं स्वच्छ ऐकू आलं, आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एक तार सुटली.

आईला हे काहीच नको होतं.

"डॉक्टरांनी तोंड उघडू नका म्हणून सांगितलंय," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "आणि तू त्यांना बोलायचं यंत्र करून देतेस. शहाणी ना तू? शिकलेली ना?"

"आई, शेवटचं कीर्तन आहे गं त्यांचं."

"मला कीर्तनकार नकोय. मला ते हवेत." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली. "आवाज काय करायचाय मला? उद्यापासून बोलले नाहीत तरी चालतील. नुसते समोर बसू देत."

मी माजघरात येऊन तारा सोलायला घेतल्या.

दुसरा प्रकल्प मराठीचा होता. नाईकबाईंनी परिसरातलं मौखिक वाङ्मय असा विषय दिला होता. मुलींनी ओव्या, उखाणे गोळा केले. मी बाबांचं जन्माचं आख्यान घेतलं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच, पार्वतीनं अंगाच्या मळाचं बाळ केलं ती; पण बाबांनी तिच्यात एक जागा स्वतःची केली होती. पार्वतीनं मूर्ती घडवली. नाक झालं, डोळे झाले, इवलीशी बोटं झाली. पण बाळ हलेना. तेव्हा ती वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली, आणि बाळानं डोळे उघडले. काय बोलली? ते दर वर्षी वेगळं असायचं. एका वर्षी ती म्हणाली, "झोप झाली का रे?" देऊळ खो खो हसलं. एका वर्षी, गावातली तीन मुलं पुरात गेली होती त्या वर्षी, ती म्हणाली, "पाण्याकडे जाऊ नकोस हं." बायका रडल्या. जन्माच्या कीर्तनाला लोक यायचे ते यंदा पार्वती काय म्हणते ते ऐकायला.

"मला सांगा ना, मी लिहून घेते," असं मी किती वेळा म्हटलं. बाबा मान हलवायचे. कानाशी येऊन एकदा म्हणाले, "ते घरी सुचत नाही गं. गादीवर उभं राहिल्यावर सुचतं. नारद सुचवतो."

म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या यंत्राची एक तार कर्ण्याला जाईल आणि दुसरी टेपरेकॉर्डरला. आवाज लोकांना ऐकू जाईल आणि राहीलही. दोन्ही प्रकल्प एकाच पेटीत. परीक्षेची मला पर्वा नव्हती असं नाही. पण खरं म्हणजे त्या आवाजाचा एक तुकडा मला कुठेतरी पकडून ठेवायचा होता. तो दिवसेंदिवस माझ्या बोटांतून चालला होता.

उत्सव तोंडावर आला तरी शिट्टी जाईना. मी सरांच्या समोर बसून रडले. सरांनी माझी जुळणी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "आता माझं ऐक. माईक लांब आहे म्हणून तू आवाज वाढवतीस. आवाज वाढवलास म्हणून शिट्टी. मग माईक तोंडापाशी का नेत नाहीस? हातात धर म्हटलं तर बुवांच्या हातात चिपळ्या. काहीतरी युक्ती कर की."

घरी गेले आणि बाबांच्या जुन्या चष्म्याची काडी मोडली. ती त्यांच्या कानामागे अडकवली, पुढे तार वाकवून ओठांच्या कोपऱ्याशी आणली, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा माईक चिकटवला. बाकीची सगळी मंडळी, आयसी, बॅटरी, आवाजाचं बटण, एका प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसवली. साबणाच्या डबीला तळाशी चिरा असतात. आयसी तापतो, वारा लागू दे, म्हणून मी चिरांची बाजू बाहेर ठेवली आणि डबी नाडीनं बाबांच्या छातीवर बांधली.

"बोला बाबा."

"मंगलमूर्ती," बाबा म्हणाले.

माजघर भरून गेलं. तो बाबांचा आवाज नव्हता. खरखरीत, लांबून आल्यासारखा. पण शब्द स्वच्छ. आई दारात आली. ओल्या हातानं चौकट धरून उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाले, "शरयू, चहा टाक."

आई आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. आला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. माझ्या हातात कप देत ती म्हणाली, "नीट कर मग. अर्धवट काही करू नकोस."

त्या संध्याकाळी तिनं हाराची फुलं निवडायला घेतली.

हे सांगायलाच हवं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला, की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, मग आख्यान. आमच्या देवळात जन्माच्या कीर्तनाचा तो हार आईच्या हातचा. झेंडू, शेवंती, मध्ये दवणा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून कधी चुकलेला नाही. या वर्षी तिनं तो एवढा मोठा केला की पुजाऱ्यांना दोन्ही हातांवर घ्यावा लागला. सकाळी लवकर ओवलेला, सुकून जाऊ नये म्हणून तिनं त्यावर पाणी शिंपडलं, ओल्या पंच्यात गुंडाळला, आणि देवळात नेल्यावर पुन्हा एकदा शिंपडलं.

मी लहानपणापासून शेकडो कीर्तनं ऐकली. वायर तपासली, बॅटरी नवी घातली, टेपमध्ये कोरी कॅसेट घातली. सगळं आठवलं. हार मात्र आठवला नाही.

पूर्वरंग सुरेख झाला. बाबा गादीवर उभे, अंगावर उपरणं, ओठांशी तो शेंगदाणा. सुरुवातीला लोकांनी माना लांब केल्या, एकमेकांकडे पाहिलं. पण बाबांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मंडळी, आज आमच्या घशात गाढव बसलंय, पण ते माझ्या मुलीनं माणसाळवलंय," आणि देऊळ हसलं, आणि मग कुणाला काही वेगळं वाटेनासं झालं. दत्तूकाकांनी पेटीचा सूर खाली धरला, तबला बोटांनीच वाजला. गाणं नव्हतं, नुसतं बोलणं. पण बोलण्यालाही लय होती. मी खांबाशी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते. कॅसेट फिरत होती. माझ्या मनात आलं, आता काही झालं तरी हे माझ्याजवळ आहे.

गजर झाला. पुजाऱ्यांनी बुक्का लावला. हार उचलला. बाबांनी मान वाकवली, आणि तो जड, थंड हार सरकन त्यांच्या छातीवर बसला.

कर्ण्यातून एकदा 'खर्र' झालं. मग काहीच नाही.

बाबांचे ओठ हलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बुवा, ऐकू येईना झालं."

मी धावले. हार बाजूला करून डबी उघडली. चिरांतून पाणी आत गेलं होतं. आयसीच्या पट्टीवर थेंब, मध्ये एक झेंडूची पाकळी चिकटलेली, आणि जळल्याचा तो वास, जो मला जानेवारीभर पाठ झाला होता. ओढणीनं पुसलं. फुंकर घातली. बटण पुन्हा पुन्हा दाबलं. बॅटरी काढून पुन्हा बसवताना ती खाली पडली. मी वळले. बायकांच्या बाजूला आई उभी होती, पदर तोंडाशी. मी काहीतरी ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं आणि डबीचं झाकण स्वतः बंद केलं.

पुजारी घड्याळाकडे बघत होते. माध्यान्हीला जन्म. पाळणा सजलेला, सुंठवड्याची ताटं भरलेली. हार गळ्यात पडल्यावर आख्यान न करता कीर्तनकार गादीवरून उतरत नाही. बाबांनी उभ्या जागी प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. पहिल्या रांगेलाही काही कळलं नाही. आई दोन पावलं पुढे आली. मला वाटलं, आता ती त्यांना हाताला धरून खाली उतरवणार.

बाबांनी उपरणं काढून माझ्या खांद्यावर टाकलं. मला गादीवर ओढलं आणि कानाशी तोंड आणलं.

"मी सांगतो. तू मोठ्यानं म्हण."

"बाबा, मला नाही येत हो."

"तुला कुठं काय करायचंय? कर्ण्याला कुठं कीर्तन येतं?"

आणि ते सुरू झाले. एक वाक्य माझ्या कानात, तेच वाक्य माझ्या तोंडून देवळात. पहिली काही वाक्यं मी धडा वाचल्यासारखी म्हटली. कानाला श्वासाची ऊब लागत होती, त्यात औषधाचा वास होता. मग कधीतरी कळलं, की ते जिथे थांबतात तिथे मीही थांबतेय. पार्वती स्नानाला निघाली. दाराशी कुणी नाही. अंगाचा मळ काढला. मी म्हणत होते आणि लोक पुढे सरकत होते. बायका, पुरुष, मधली दोरी ओलांडून सगळे गादीभोवती येऊन बसले होते. दत्तूकाकांनी पेटीवरचे हात काढून घेतले होते.

नाक झालं. डोळे झाले. इवलीशी बोटं झाली.

"पण बाळ हलेना," मी म्हटलं. "तेव्हा पार्वती वाकली, आणि त्याच्या कानात बोलली."

देऊळ श्वास धरून बसलं. बाबा माझ्या कानाशी वाकले आणि बोलले.

मी गप्प राहिले. किती वेळ, माहीत नाही. लोकांना वाटलं असेल, पोर गहिवरली. बाबांनी चिपळी एकदा हळूच वाजवली. तेव्हा मी समोर न बघता, त्यांच्याकडे बघून म्हटलं, "पार्वती म्हणाली, 'तुला बोलता आलं नाही तरी चालेल, बाळा. मी ऐकतेय.'"

त्यानंतर घंटा वाजल्या, गुलाल उडाला, पाळणा हलला. म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे गादीवरच्याला नमस्कार केला, म्हणजे मला. मी इतकी रडत होते की ते माझ्या लक्षातही आलं नाही. गुलालातून वाट काढत आई आली.

"काय झालं गं यंत्राला?"

"बॅटरी उतरली," मी म्हटलं.

"नवी घातली होतीस ना?"

"खराब निघाली."

दुसऱ्या दिवशी मिरजेला बाबांना आत नेलं. बाहेर आले ते गळ्याला पांढरी पट्टी आणि श्वासाला एक भोक घेऊन. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. हाक मारायची झाली की चिपळी वाजवायचे. आईला एकदा, मला दोनदा.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबी हातात घेतली. "प्रत्यक्ष वापरात बंद पडलं असं लिहिलंय. कारण?"

"बॅटरी, सर."

त्यांनी झाकण उघडलं. पट्टीवर पाण्याचे पांढरे डाग होते आणि वाळलेली पाकळी. मगदूम सर मागे उभे होते. त्यांनी डबीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हल्लीच्या बॅटऱ्यांचा काही नेम नाही हो," ते परीक्षकांना म्हणाले.

कॅसेटवर पूर्वरंग आहे. मग 'खर्र', आणि पुढे नुसती घरघर. आख्यान मी नाईकबाईंना आठवून लिहून दिलं. पार्वतीच्या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ ओढून 'सुंदर' असं लिहिलं होतं.

ते वाक्य बाबांचं नव्हतं.

गेल्या वर्षी माघात मी घरी गेले. आता तिथं दुसऱ्या गावची एक तरुण कीर्तनकार मुलगी येते. कानाला बिनतारी माईक, कमरेला छोटं यंत्र. आई ऐंशीच्या पुढे. हार अजून तीच ओवते. गजर सुरू झाला तसा तिनं हार टोपलीतून काढला आणि पदरात घेऊन दाबून दाबून टिपायला लागली. एकेक फूल.

"अगं, काय करतेस? पाकळ्या झडतील."

"झडू देत. यंत्र असतं ना हल्ली सगळ्यांच्या अंगावर."

तिनं मान वर केली नाही.

"आई, तुला कधी कळलं?"

"अगं, पाणी मीच मारलं होतं ना. तू डबी उघडलीस तेव्हा माझ्याकडे वळलीस. तेव्हाच."

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?" ती म्हणाली. मग थांबली. "त्या वेळी ते तुझ्या कानात काय बोलले? पार्वतीचं ते वाक्य यांचं नव्हतं. यांची पार्वती असं बोलायची नाही."

तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. गजर वाढत चालला होता; मला तिच्या कानाशी वाकावं लागलं.

"बाबा म्हणाले, 'हार ओला होता हे शरयूला कळू देऊ नकोस.'"

आईचे हात थांबले. एक झेंडू तिच्या मुठीत राहिला.

"मिरजेला आत नेताना मी स्ट्रेचरबरोबर चालत होते," ती म्हणाली. "मला खूण करून वाकवलं. म्हटलं, आता देवाचं नाव घेतील. मला म्हणाले, 'पोर बॅटरीच म्हणत राहील. तू हो म्हण.' त्यानंतर दार लागलं."

पुजारी हारासाठी हात पुढे करून उभे होते. तिनं तो पुन्हा एकदा पदरानं टिपला, आणि दिला.